दादाची तिथी शोधायला दांडीला

शुक्रवार, २१ सप्टेंबर १९८४. रक्कम रुपये एकशे एक. हजर: मी, माझी पत्नी आणि सुमनवहिनी. स्थळ: तासगाव, आमचं स्वयंपाकघर.

रक्कम वहिनींची होती. लोणची आणि पापड विकून त्यांनी ती जमवली होती. दहाच्या नऊ नोटा, पाचच्या दोन आणि एक रुपयाचं नाणं. मी मोजून घेतली आणि पाकिटावर तारीख घातली.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे भेटले तर यातून त्यांचं परतीचं तिकीट काढायचं. नाही भेटले तर गुरुजींची दक्षिणा. तिसऱ्या कशालाही यातली पै लावायची नाही."

'हे' म्हणजे माझा थोरला भाऊ दत्तात्रय. बारा वर्षांपूर्वी, सर्वपित्री अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, तो घर सोडून गेला. महिन्याभराने बोईसरहून एक पोस्टकार्ड आलं. 'मी बरा आहे. शोधू नये.' खाली एका ठेकेदाराच्या चाळीचा पत्ता होता. त्या पत्त्यावर मी तीन पत्रं टाकली, तिन्ही परत आली. मी स्वतः मात्र कधी गेलो नाही. सूतगिरणीच्या स्टोअरमध्ये कामाला आहे, रजा मिळत नाही, असं वहिनींना सांगत असे. रजा मिळत होती.

तो का गेला तेही सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. त्या अमावास्येला आमच्या वडिलांचं श्राद्ध होतं. तिथी दुपारी एक वाजून अडतीस मिनिटांनी संपत होती. दादा सायकलवरून दूध आणायला गेला तो येईना. पिंड देण्याचा अधिकार थोरल्याचा. मी घड्याळ बघत होतो, गुरुजी माझ्याकडे बघत होते. एक वाजून अठरा मिनिटांनी मी स्वतः पिंड दिले. दोन मिनिटांत दादा दारात उभा, हातात दुधाची बरणी आणि सायकलचं चाक पंक्चर. तो एवढंच म्हणाला, "झालं ना वेळेत? मग बरं झालं." तिथी संपायला तेव्हा अठरा मिनिटं बाकी होती.

यंदा आमचे गुरुजी म्हणाले, बारा वर्षं माणसाची खबर नाही म्हणजे शास्त्राने तो गेला असं धरता येतं. ज्याच्या मृत्यूची तिथी माहीत नाही त्याला सर्वपित्री अमावास्या. पितृपक्षाचा तो शेवटचा दिवस. ज्यांचं वर्षभरात कोणी काही केलं नाही त्यांचंही त्या दिवशी करता येतं. "पण आधी शोध घ्या," ते म्हणाले. "जिवंत माणसाच्या नावाने पिंड देऊ नये. आणि मेलेल्याला उपाशी ठेवू नये."

या दोन वाक्यांमध्ये मी अडकलो होतो. पंचांगात अमावास्या सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास लागून मंगळवारी सकाळी पावणेनऊच्या आत संपत होती. श्राद्धाला दुपारची वेळ लागते, म्हणजे सोमवारची दुपार हीच एक दुपार. तोवर दादा आहे की नाही हे मला कळायला हवं होतं. वहिनी म्हणाल्या, मीही येणार. शेजारचे जोशीमास्तर म्हणाले, अमावास्येला कोणी प्रवास करतं का? वहिनींनी त्यांना उत्तर दिलं, "मास्तर, बारा वर्षांत दीडशे अमावास्या घरात बसून काढल्या. काय मिळालं?" मी हिशेब केला. अधिक महिने धरून आकडा जवळजवळ बरोबर होता.

पालघर, रविवार

शनिवारचा प्रवास सांगण्यासारखा नाही. रविवारी सकाळी पालघरला उतरलो. आमच्याकडच्या उघड्या माळरानाची सवय असलेल्याला इथला हिरवा रंग पहिल्यांदा खोटा वाटतो. भात निसवलेलं, पूर्वेला डोंगरांची रांग. बाजारात डोंगरातल्या बायका करटोली आणि कसल्याकसल्या पाल्यांचे वाटे मांडून बसल्या होत्या. भाव सांगून झाला की त्या गप्प बसत. घासाघीस केली तर नुसतं हसत. आमच्या बाजारात एवढी शांतता म्हणजे भांडण होऊन गेलं असं समजतात.

लॉजवर दोन खोल्या घेतल्या. मॅनेजरने वही पुढे केली. त्यात 'येण्याचे कारण' असा रकाना होता. माझा पेन तिथे थांबला. काय लिहायचं? शोध? श्राद्ध?

"भेट लिहा," वहिनी मागून म्हणाल्या.

मी भेट लिहिलं.

मॅनेजरने वहिनींच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू बघून विचारलं, "मिस्टर नाही आले?"

"ते इथेच असतात. बोईसरला." हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की क्षणभर मीही ते खरं धरलं.

खानावळीत वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी मिळाली. भाकरी पांढरीशुभ्र आणि पातळ. वहिनींनी ती उजेडात धरली. "भाऊजी, हिच्यातून पंचांग वाचता येईल तुम्हाला." त्या हसल्या, पण अर्धीच भाकरी खाल्ली. मी दोन खाल्ल्या, आणि नंतर उगाच अपराधी वाटलं.

दुपारी बोईसरला गेलो. पालघरपासून फार लांब नाही, पण गाव निराळंच. कारखान्यांची धुराडी, पत्र्याच्या चाळी आणि रस्त्यावर सगळी हिंदी. पोस्टकार्डावरची चाळ राहिली नव्हती, तिथे मालाचं गोदाम उभं होतं. चौकशी किती ठिकाणी केली ते मी वहीत लिहीत होतो. चहावाला, सलूनवाला, किराणा दुकान, दोन चाळींचे रखवालदार. अकरा ठिकाणी नाही म्हणाले. प्रत्येक 'नाही' ऐकल्यावर मला काय वाटत होतं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. थोडं सुटल्यासारखं वाटत होतं. काहीच कळलं नाही तर उद्या शास्त्राप्रमाणे पिंड द्यायचा आणि परत जायचं. चूक माझ्याकडे राहणार नव्हती.

बारावा माणूस एक म्हातारा वेल्डर निघाला. बाजेवर बसून तो मुळा चिरत होता.

"दत्तू मिस्त्री? वो ज्वारी की रोटी के लिए रोने वाला?"

वहिनींनी माझा दंड धरला. बारा वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता.

"हाँ हाँ, वही," त्या म्हणाल्या. त्यांना तेवढंच हिंदी येत होतं.

"वो तो कब का दांडी चला गया, भाभी. मछुआरों की नाव का इंजन बनाता था. हाथ अच्छा था उसका."

"कब गया?" मी विचारलं.

"दस-ग्यारह साल हुआ होगा. फिर इधर आया नहीं. हमने सोचा, गाँव गया."

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाल्या, "बघा. आहेत."

"होते," मी म्हणालो. "दहा वर्षांपूर्वी होते."

"तुमचं हे आकड्यांचं तोंड जरा मिटा हो, भाऊजी."

दांडी म्हणजे तिथून जवळचंच, समुद्रकाठचं कोळ्यांचं गाव. तिकडे जाणारी शेवटची एस.टी. नुकतीच गेली होती. हे चार मिनिटांनी चुकणं माझ्या हातून सहसा होत नाही. माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तो शिवून घ्यायला मी थांबलो होतो.

उद्याची सोय तर करून ठेवायला हवी होती. एका देवळात एक गुरुजी भेटले. सर्वपित्रीला त्यांना पाच घरं होती, आमचं सहावं. मोपेडवरून दांडीच्या किनाऱ्यावर येईन म्हणाले, बरोबर साडेबाराला.

"नाव-गोत्र सांगा मृताचं."

"नाव उद्या सांगतो."

"उद्या? अहो, नाव ठरायचंय का?"

"माणूस ठरायचाय," मी म्हणालो. गुरुजी माझ्याकडे नीट बघू लागले. सगळं सांगितल्यावर ते जरा नरमले. "अपराह्न पावणेचारपर्यंत आहे. पण माझी घरं आहेत. साडेबारा म्हणजे साडेबारा."

मी म्हणालो, माझ्याकडून एक मिनिटही उशीर होणार नाही.

दांडी, सोमवार

अमावास्या सोमवारी आली की ती सोमवती. आमच्याकडे, आणि इथेही, त्या दिवशी बायका नवऱ्याच्या आयुष्यासाठी पिंपळाला सूत गुंडाळत एकशे आठ प्रदक्षिणा घालतात. सकाळी एस.टी.ची वाट बघत बसलो असता वहिनींनी पिशवीतून सुताची गुंडी काढली. त्याच पिशवीत खाली काळे तीळ आणि दर्भ होते, मीच ठेवलेले. एकाच माणसासाठी दोन्ही. मला ती पिशवी हातात धरवेना.

स्टँडजवळच पिंपळ होता. वहिनी उठल्या.

"वहिनी, अमावास्या अकराला लागते. आत्ता चतुर्दशी आहे. या प्रदक्षिणा धरल्या जाणार नाहीत."

"तुमची अकराला लागते. माझी बारा वर्षांपूर्वी लागलीय."

त्या झाडाकडे गेल्या. मग काय वाटलं कोण जाणे, बुंध्याला नुसता हात लावून परत आल्या. सूत पुन्हा पिशवीत गेलं. "आधी बघून येऊ," त्या म्हणाल्या. "असले तर त्यांच्यासमोर घालीन. मोजायला तुम्ही आहातच."

एस.टी.त शेजारी एक कोळी म्हातारा बसला होता, मांडीवर जाळ्याच्या दोरीचं वेटोळं. अमावास्येला कामाला निघालात का, असं मी विचारलं. आमच्याकडे शेतकरी या दिवशी औत धरत नाही.

"अवसेलाच तं काम," तो म्हणाला. "अवस-पुनवेला उधाण. पान्याला ओढ असते, जाल्यात मासली जाते. भांगाच्या दिसांत पानी मंद, तवा आमी बसून खातो. तुमची अवस मेलेल्यांची, आमची पोटाची."

"मग पितरांचं?"

"त्यांचं बी करतो. होडी लागल्यावर."

भरतीची वेळ कशी ओळखता, असं विचारल्यावर त्याने मला एक हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीनला पाणी पुरं भरणार, अष्टमी असेल तर सहाला. मला असले हिशेब आवडतात. मी वहीत मांडून पाहिलं. आज चतुर्दशी, म्हणजे साडेदहा. थोडा मागेपुढे, असं तो म्हणाला, पण घड्याळाला विचारायला लागत नाही.

दांडीला उतरलो तेव्हा साडेआठ झाले होते. ताडामाडांची रांग, मग घरं, मग बांबूच्या वलांडींवर वाळत घातलेले बोंबील. पलीकडे समुद्र, मातकट आणि फुगत चाललेला. वास सांगण्यात अर्थ नाही. मी नाकाला रुमाल लावला, वहिनींनी लावला नाही. त्या प्रत्येक दारात बघत होत्या. समोरून कोणी पुरुष आला की थांबत, तो जवळ आला की चालू लागत. असं सहा वेळा झालं.

दत्तू मिस्त्रीचं नाव काढताच एका पोराने हात करून घर दाखवलं. ओटीवर एक साठीची बाई टोपल्या धूत होती. हिराबाय तिचं नाव. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. किती वाजले ते बघायला मनगट वर केलं, ते नुसत्या सवयीने.

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. "तुमीच काय ते घड्याळवाले?"

मी मनगट खाली घेतलं.

"बोलायचा त्यो. माजा धाकटा भाव घड्याळावर बापाला जेवू घालतो. हसायचा लय." मग तिची नजर वहिनींच्या कपाळावर गेली आणि तिने हातातली टोपली खाली ठेवली. "ये बाय. बस. आदी पानी पी."

त्या 'आधी पाणी पी'नेच आम्हाला कळलं. वहिनींनी पाणी घेतलं, पण प्यायल्या नाहीत. तांब्या हातात धरून बसल्या.

हिराबायने सरळ सांगितलं. दादा तिच्या नवऱ्याच्या होडीचं इंजिन दुरुस्त करायला आला आणि इथेच राहिला, होडी ठेवायच्या पडवीत. दोन वर्षं. मग हिवताप भरला. चार दिवस ताप उतरेना, तेव्हा बोईसरला न्यायचं ठरलं. पण बाहेर पडायचा रस्ता तेव्हा खाडीच्या कडेने होता आणि भरतीला तो पाण्याखाली जायचा.

"सकाली कारखान्याच्या नवाच्या भोंग्याला पानी पुरं भरलेलं. टेंपोवाला बोलला, उतरू दे. आमी वाट बघत बसलो. पानी उतरलं. त्यो नाय थांबला."

"कधी?" मी विचारलं. "कोणती तिथी होती?"

"आमाला काय ठावं तिथी. नव वर्सं झाली. दसरा नुकता झालेला. दारावरचं तोरण वाललं पन नव्हतं. आदल्या राती चांदनं व्हतं, त्याच्या अंगावर पडलेलं दिसत व्हतं."

मी वही काढली. मला कळत होतं की या घडीला वही काढणं वाईट दिसतं. पण दुसरं काय करायचं ते मला येत नव्हतं. भरती नऊला. नवाला पाऊणने भागलं. बारा आले. चांदणं रात्री, दसऱ्याच्या मागोमाग, म्हणजे शुद्ध पक्ष. आश्विन शुद्ध द्वादशी. मी दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा बारा आले.

"वहिनी," मी म्हणालो, "दादाला तिथी आहे. द्वादशी."

वहिनींनी तांब्या खाली ठेवला. "नऊ वर्षं," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं मी सोमवतीला सूत गुंडाळत होते. कोणासाठी हो?"

हिराबाय त्यांच्या शेजारी येऊन बसली. "पत्ता मागितला गं आमी. नाय सांगला. बोलला, घड्याळवाला येल एक दिस. मंग आमीच घातलं त्याचं पान. दर सर्वपित्रीला घालतो. आज बी घालनार."

"काय वाढता?" वहिनींनी विचारलं.

"तांदलाची भाकर, बोंबलाचं कालवन आनि एक बिडी."

वहिनींनी तोंडावर पदर धरला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या आणि रडतही होत्या. "बोंबील? अहो, घरात कांदा चिरला तर उठून जायचे!"

"पहिलं वरीस नाकाला फडका लावून बसायचा. तुमच्या या भावावानी."

मी रुमाल खिशात घातला.

आता प्रश्न पिंडाचा राहिला नव्हता. दादा गेला होता हे नक्की, आणि आज अमावास्या होती. पितृपक्षातली द्वादशी उलटून गेली होती, पण सर्वपित्रीला ते भरून निघतं. मी हिराबायला म्हणालो, साडेबाराला किनाऱ्यावर गुरुजी येतायत, तुम्हीही या.

"साडेबाराला कसी येऊ? भरतीच्या पान्यावर होड्या येतील. मासली निवडायची, लिलाव व्हायचा, मंग आंघोल, मंग रांधन. दोन वाजतील. अडीच बी."

मी तोंड उघडलं. गुरुजींना दिलेला शब्द जिभेवर होता. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड मिटलं.

साडेदहा-अकराला पाणी किनाऱ्याच्या वरच्या रेघेपर्यंत आलं. इतकं चढलेलं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. मघाशी कोरड्या असलेल्या माडाच्या मुळ्या बुडाल्या. होड्या एकामागून एक आत आल्या आणि सगळा गाव धावला. ओरडा, शिव्या, टोपल्या. अमावास्येला एवढी माणसं एवढी आनंदात असू शकतात हे मला नवीन होतं. हिराबाय कंबरेएवढ्या पाण्यात उभी राहून मुलाला दरडावत होती. वहिनी ओटीवर बसून तिच्याकडे बघत होत्या.

गुरुजी बारा पंचवीसला आले. वाळूवर जागा झाडली, दर्भ, तीळ, भाताचे पिंड, सगळं मांडलं. नाव-गोत्र सांगितलं. साडेबारा झाले.

"बसा यजमान."

"गुरुजी, थांबावं लागेल. एक बाई यायच्या आहेत."

"कोण बाई? नात्यातल्या?"

"नात्यातल्या नाहीत. पण नऊ वर्षं त्यांनीच त्याचं केलंय."

"अहो, माझी अजून तीन घरं आहेत! तुम्ही म्हणाला होता एक मिनिट उशीर होणार नाही."

"म्हणालो होतो. चुकलं. तुम्ही ती घरं करून या. आम्ही इथेच बसतो."

गुरुजींनी मोपेडला लाथ मारली. जाताना म्हणाले, "पावणेचारला वेळ संपते. मी नाही पोचलो तर बोल माझ्याकडे नाही." त्यांच्या जागी मीही हेच म्हणालो असतो, याच शब्दांत.

ते गेले. एक वाजला. दीड वाजला. गुरुजी आले नाहीत तर? मोपेड बंद पडली तर? पंक्चर झाली तर? पंक्चर हा शब्द मनात आला आणि मी वाळूवर बसलोच. त्या दिवशी दादाही असाच कुठेतरी रस्त्यावर चाक हातात घेऊन धावत आला असणार. घरात सगळे आपली वाट बघत थांबले असतील, असं समजून. मनगटावरचं घड्याळ काढून मी वहिनींच्या हातात दिलं.

"मला वेळ सांगू नका," मी म्हणालो.

त्यांनी ते पिशवीत टाकलं, तिळांच्या पुडीशेजारी, सुताच्या गुंडीवर.

हिराबाय आली ती नवं लुगडं नेसून, केस ओले, हातात केळीच्या पानाने झाकलेलं ताट. किती वाजले ते मला माहीत नाही. पाणी बरंच मागे हटलं होतं आणि ओल्या वाळूवर खेकड्यांच्या रांगोळ्या उमटल्या होत्या. तिच्यामागून थोड्या वेळाने मोपेडचा आवाज आला. गुरुजी घामाघूम, येऊन आसनावर बसले.

मी पिंड दिला. तिलोदकाच्या वेळी दादाचं नाव तोंडातून नीट निघेना. गुरुजींनी पुन्हा म्हणायला लावलं, तेव्हा निघालं. हिराबायच्या ताटातली मासळी त्यांना दिसली. त्यांनी जरा भुवया उंचावल्या आणि म्हणाले, "ते पान दहा पावलं तिकडे ठेवा." तिने ते दहा पावलं मोजून ठेवलं. कावळे आधी कोणत्या पानाकडे गेले हे मी लिहीत नाही. वाचणाऱ्याने ओळखावं.

सगळं झाल्यावर वहिनी उठून पाण्याकडे गेल्या. हात कपाळाकडे गेला. हिराबायने मागून जाऊन तो धरला.

"हितं नको गं. कोन बघतंय तुला? घरी जा. त्याच्या तिथीला, बारशीला, मी येते तुज्याकडं, मंग काय करायचं ते दोगी बघू." मग जरा हसून, "माजा नवरा जाऊन चार वर्सं झाली. कपाल मोकलं म्हनून कोन माजी मासली घ्यायची थांबला नाय."

वहिनींनी हात खाली घेतला. सुताची गुंडी पिशवीतून काढून त्यांनी तिला दिली. "जाळ्याला उपयोग होईल का?"

हिराबायने सूत बोटांत पिळून पाहिलं. "कच्चं हाय. पन रवू दे."

पालघर, मंगळवार

हिराबाय दोन टोपल्या घेऊन पालघरच्या बाजाराला आली होती. तिथून ती आम्हाला सोडायला स्टेशनवर आली. गाडीला चाळीस मिनिटं होती. चितेच्या लाकडांचे पैसे किती झाले होते, असं मी तिला विचारलं. मला ते द्यायचे होते. ती चिडली. मयताच्या लाकडाचे पैसे परत घेत नाहीत, तुमच्यात घेतात का? आमच्यातही घेत नाहीत.

वहिनींनी पाकीट मागितलं. मी दिलं. त्यांनी आतल्या नोटा काढून हिराबायसमोर धरल्या.

"नाय बोलले ना. पैसे नको."

"हे पैसे नाहीत," वहिनी म्हणाल्या. "तिकीट आहे. ह्यांना घरी आणायचं म्हणून ठेवलं होतं. दसरा झाल्यावर द्वादशी आहे. तुम्ही आल्याशिवाय पान वाढणार नाही आम्ही."

"आनि मला उशीर झाला तं?"

ती माझ्याकडे बघून विचारत होती. घड्याळ अजून वहिनींच्या पिशवीतच होतं.

"थांबू," मी म्हणालो.

तिने नोटा कमरेला खोचल्या.

एकशे एक रुपयांचा हिशेब असा. गुरुजींना दक्षिणा, रुपये एकवीस. हिराबायला, दांडी ते तासगाव तिकीट आणि वाटखर्च, रुपये ऐंशी.